आतड्यांतील मज्जापेशींचा प्रवास

नवजात बालकानें पहिला काळा चिकट मळ केव्हां टाकला, याची चौकशी आमच्या घरांतील वडील बायका आवर्जून करितात. तरुण मंडळींस ती कदाचित् ग्राम्य वाटेल. परंतु तिच्यामागें शरीरशास्त्रांतील एक मोठें नवल दडलेलें आहे. तें आज आम्ही वाचकांपुढें मांडूं इच्छितों.

अन्न पुढें ढकलण्याचें काम आतडें मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहतां करितें. त्यासाठीं त्याच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचें स्वतंत्र जाळें असतें. मौज ही कीं, या पेशींचें मूळ आतड्यांत नाहीं. बहुतेकींचे पूर्वज गर्भाच्या पाठीकडे, मानेजवळच्या भागांत असतात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास ते निघतात, आणि जठर व लहान आतडें ओलांडून सातव्या आठवड्यापर्यंत मोठ्या आतड्याच्या टोकास पोहोंचतात. इंटेमा व हॅमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५४ सालीं कोंबडीच्या गर्भांतील हा भाग काढून पाहिला, तों आतड्यांत मज्जापेशी आढळल्या नाहींत. पुढें १९७३ सालीं फ्रान्समध्यें निकोल ल दुआरें यांनीं लावा पक्ष्याच्या पेशी कोंबडीच्या गर्भांत बसवून हा मार्ग स्पष्ट दाखविला.

या यात्रेकरूंस वाट कोण दाखवितो? आतड्याची भिंत एक वृद्धिघटक स्रवते. त्यास जीडीएनएफ म्हणतात. तो १९९३ सालीं मेंदूंतील पेशींचा पोषक म्हणून प्रथम सांपडला. प्रवासी पेशींच्या अंगावर 'रेट' नांवाचें प्रथिन असतें. कुलपांत किल्ली बसावी तसा जीडीएनएफचा संदेश त्यास पोहोंचतो. त्या संदेशानें पेशी पुढें ओढल्या जातात, जगतात व संख्येनें वाढतात. हा घटक नसलेले उंदीर १९९६ सालीं तपासले, तेव्हां त्यांच्या जठराखालीं मज्जापेशीच नव्हत्या; मूत्रपिंडेंही झालेलीं नव्हतीं. एंडोथेलिन-३ हा दुसरा घटक पेशींना अकालीं प्रौढ होऊं देत नाहीं. पंढरीस निघालेल्या दिंडीनें वाटेंतच बिऱ्हाड थाटलें, तर पंढरपूर गांठणार कोण?

ही दिंडी मध्येंच थांबली तर काय होतें, तें कोपनहेगनचे बालवैद्य हॅरल्ड हिर्शस्प्रुंग यांनीं १८८६ सालीं वर्णिलेल्या दोन बालकांवरून दिसतें. त्यांचें मोठें आतडें अतिशय फुगलें होतें. पुष्कळ वर्षें फुगलेला भागच रोगट मानला गेला. वस्तुतः दोष त्याच्या खालच्या अरुंद भागांत असतो. तेथें मज्जापेशी पोहोंचलेल्या नसल्यामुळें तो सैल होत नाहीं. हा भाग काढून निरोगी आतडें खालीं जोडण्याची शस्त्रक्रिया बोस्टनच्या ऑर्व्हर स्वेन्सन यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केली. सुमारें पांच हजार बालकांत एकास हा विकार होतो. मुलींपेक्षां मुलग्यांत तो चौपट आढळतो. कित्येक रुग्णांत रेटच्या जनुकांतच बिघाड असतो, हें १९९४ सालीं कळलें.

यावरून दोन गोष्टी आमच्या कुटुंबांनीं ध्यानांत ठेवाव्या. पूर्ण दिवसांचें निरोगी मूल बहुधा पहिल्या २४ तासांत मळ टाकतें. ४८ तास उलटले, पोट फुगलें, किंवा हिरवी ओकारी झाली, तर घुटी वा एरंडेल देत न बसतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें. विलंबानें आतड्याचा दाह होऊन जीवावर बेतूं शकतें. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक मुलें वांचतात.

दुसरी गोष्ट सुनेविषयीं. तिनें अमुक खाल्लें, तमुक पाळलें नाहीं, म्हणून असें झालें, हें बोलणें निराधार आहे. हा प्रवास डोहाळजेवणाच्या पुष्कळ आधीं संपलेला असतो; आणि जनुकांतील दोष मातेकडून येतो तसा पित्याकडूनही येतो, कधीं बालकांतच नव्यानें उपजतो. अशा वेळीं बाळंतिणीस बोल लावणें अन्यायाचें. तिला धीर देणें हेंच घरच्या वडील माणसांचें कर्तव्य होय.