नानाभाई मूस आणि अलिबागची सुई



आपल्या डोक्यावर खूप उंच, विमानाच्याही कितीतरी वर, काय चालले आहे हे जमिनीवर बसून कळेल का? तुम्ही म्हणाल, छे! पण ते कळते, आणि तेसुद्धा एका लोहचुंबकाच्या सुईवरून. नानाभाई फ्रामजी मूस हे शास्त्रज्ञ मुंबईत होऊन गेले. त्यांनी अशा सुयांच्या नोंदींचा अभ्यास वर्षानुवर्षे केला. त्यांची माहिती मी देत आहे.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली पारशी कुटुंबात झाला. मुंबईला कुलाब्यात १८२६ पासून एक वेधशाळा आहे. वेधशाळा म्हणजे आकाश, हवा, वारा यांची रोज मापे घेण्याची जागा. तिथे पूर्वी इंग्रज साहेब मुख्य असत. १८९६ साली नानाभाई तिथले पहिले भारतीय संचालक झाले.

आता सुईचे काम सांगतो. आमच्या बाईंनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. शिवणाची सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने पुष्कळ वेळा घासली. प्लॅस्टिकच्या वाटीत पाणी घेऊन त्यावर एक पान सोडले आणि पानावर सुई ठेवली. सुई हळूहळू फिरली आणि उत्तर-दक्षिण होऊन थांबली. पृथ्वी हाच एक मोठा लोहचुंबक आहे, म्हणून असे होते. मग बाईंनी वाटीजवळ विळा आणला, तर सुई लगेच विळ्याकडे वळली! म्हणजे जवळ लोखंड आले की सुई खरे सांगत नाही. जवळच्या तारेतून वीज वाहिली तरी सुई हलते.

वेधशाळेतली सुई आपल्या सुईपेक्षा फार नाजूक असते. ती रोज थोडीशी हलते. सूर्य वर चढला की एकीकडे सरकते आणि रात्री जवळजवळ स्थिर राहते. जवळपास लोखंड नाही, विजेची तार नाही, मग तिला हलवते कोण?

याचे उत्तर वर हवेत आहे. जमिनीपासून सुमारे १०० किलोमीटर उंचीवर हवा अगदी विरळ असते. आपल्या गावावरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने इगतपुरीच्या जरा पुढे गेलो तर जेवढे अंतर होईल, तेवढेच सरळ वर समजा. तिथे सूर्याच्या किरणांनी हवेचे कण फुटतात आणि त्यांतून वीज वाहू शकते. दिवसा तिथले वारे वाहिले की विजेचा मोठा प्रवाह सुरू होतो. त्या प्रवाहाने इथे खाली सुई हलते. असे असावे हे बाल्फोर स्ट्युअर्ट या शास्त्रज्ञांनी १८८२ साली सांगितले होते. तेव्हा तिथपर्यंत जाणारे रॉकेट नव्हते की उपग्रह नव्हता. वरची बातमी सांगायला होती ती सुईच.

नानाभाई संचालक असतानाच मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणायचे ठरले. तोवर ट्राम घोडे ओढत होते. घोड्यांनी सुईला काही होत नव्हते, पण विजेच्या ट्रामने सुई बिघडली असती. शहराला तर ट्राम हवीच होती. मग काय करायचे? नानाभाईंनी सुयांसाठी दुसरी जागा निवडली. ती म्हणजे समुद्राकाठचे अलिबाग, कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटर. तिथे लोखंड टाळून खोल्या बांधल्या आणि १९०४ पासून मापे घेणे सुरू केले.

यात त्यांनी एक फार हुशारीचे काम केले. अलिबाग सुरू झाले म्हणून कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापे घेतली. कारण दोन जागांची मापे थोडी वेगळी येतात. किती वेगळी ते कळले की जुनी वही आणि नवी वही जोडता येते. विजेची ट्राम १९०७ साली धावली, तोवर सुया सुखरूप अलिबागला पोचल्या होत्या.

मग नानाभाईंनी १८४६ ते १९०५ अशा साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदी एकत्र केल्या. रोजचा फरक कोणता आणि वादळाचा फरक कोणता हे वेगळे केले. हे वादळ पावसाचे नव्हे, चुंबकाचे. सूर्यावर मोठा भडका उडाला की त्याचा धक्का पृथ्वीभोवतीच्या अवकाशाला बसतो आणि सुया एकदम झुकतात. हे सगळे काम १९१० साली दोन मोठ्या भागांत छापले गेले. नानाभाई १९१९ साली निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले.

या जुन्या आकड्यांचा उपयोग काय, असे तुम्हांला वाटेल. ऐका तर. सप्टेंबर १८५९ मध्ये, म्हणजे नानाभाईंच्या जन्माच्याच साली, फार मोठे चुंबकी वादळ झाले. शांत दिवशी सुईच्या मापात शंभराच्या आत फरक पडतो, त्या दिवशी कुलाब्याला सुमारे १६०० चा पडला! तेव्हा माणसे डोळ्यांनी पाहून माप लिहीत. २००३ साली शास्त्रज्ञांनी तीच नोंद वापरून ते वादळ केवढे होते याचा हिशेब मांडला. १४४ वर्षांनी वही कामाला आली!

असे वादळ आज आले तर? मार्च १९८९ मध्ये एक आले होते, तेव्हा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सुमारे नऊ तास वीज गेली होती. आपल्या गावातल्या गोदामांत येणारे ट्रकवाले काका मोबाईलवर रस्ता बघतात. तो उपग्रहावरून कळतो, आणि वरची हवा खवळली की तोही चुकू शकतो. म्हणून अलिबागच्या वेधशाळेत आजही मापे घेतली जातात. आता ती भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते.

नानाभाईंकडून मी एक गोष्ट घेतली. नोंद मध्येच तुटू द्यायची नाही. आम्ही चौथीची मुले पावसाळ्यात रोज बाटलीतला पाऊस पट्टीने मोजून वहीत लिहितो. पुढच्या जूनमध्ये आम्ही दुसऱ्या शाळेत जाऊ. मग वही कोण लिहिणार? तिसरीच्या मुलांनो, परीक्षा झाल्यावर वही रद्दीत जाऊ देऊ नका. पहिला पाऊस आला की पंधरा दिवस आम्ही येऊ, तुम्ही आणि आम्ही दोघे मोजू आणि आकडे जुळवून बघू. मग वही तुमची. पालकांनो, तेवढे पंधरा दिवस आम्हांला सकाळी थोडे लवकर घरातून सोडा.

— इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, मानकोली