शिकाऊ लेकीचा कागद कुठे आहे?

मागच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, सगळ्या उठल्या, पण एक ताई बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "पोरगी आयटीआय झाली. आठ महिने झाले कामावर जाते. पैसे मागितले की मालक म्हणतात, तू अजून शिकतेस." आम्ही विचारलं, "काही कागद दिला का?" कागद नव्हता. म्हणजे आठ महिने राबली, पण त्याची नोंद कुठेच नाही.

म्हणून आज हाच विषय. आपल्या देशात 1961 पासून शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे. जिथे 30 किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथे शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. 4 ते 29 असतील तर ते मालकाच्या मर्जीवर. पण घेतला तर लेखी करार हवा, आणि तो सरकारी पोर्टलवर नोंदवायला हवा. लेक 18 वर्षांच्या आतली असेल तर करारावर पालकाची सही लागते. म्हणजे सही आपली. वाचल्याशिवाय करू नका.

कराराने काय मिळतं? दर महिन्याला विद्यावेतन. 2019 च्या नियमांत दहावी पासला किमान 6,000, आयटीआयवालीला 7,000 आणि पदवीधर मुलीला 9,000 रुपये ठरले. नगावर पैसे देता येत नाहीत. कामात इजा झाली तर भरपाई मिळते. मुदत संपल्यावर परीक्षा पास झाली की राष्ट्रीय प्रमाणपत्र. नोकरीची हमी मात्र कायदा देत नाही, हेही लक्षात ठेवा.

आपल्या धामणगावावरून रोज गाड्या जातात. मध्य रेल्वे याच कायद्याखाली भुसावळ, नागपूरसारख्या ठिकाणी शिकाऊ उमेदवार घेते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर निवड होते, वेगळी परीक्षा नसते. मुलींना अर्जाची फी नाही.

2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी आहे. तिथे विद्यावेतन राज्य सरकार देतं. दोन्हींची गल्लत करू नका.

त्या ताईंच्या लेकीला आम्ही आयटीआयत घेऊन गेलो. गेलेले आठ महिने परत आले नाहीत, पण आता ती करार मिळेल तिथेच अर्ज करते आहे. तुमच्या गटात कोणाची लेक "शिकायला" जाते? पुढच्या बैठकीत हिशेबाआधी तेवढं विचारा: बाई, कागद आहे का?