नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

मराठीत एका अनुस्वारानं केवढा फरक पडतो पाहा. बाळाचं नाव ठेवायचं ते एकदाच, बारशाला. लोकांना नावं ठेवायची ती मात्र बारा महिने. या दोन्ही गोष्टींत प्राचीन रोमन माणसं आपल्यापेक्षा तसूभरही मागं नव्हती. त्यांच्या नावांच्या गोष्टी वाचताना मला करमणुकीसोबत आणखीही काही सापडलं. तेच आज सांगायचं आहे.

प्रतिष्ठित रोमन पुरुषाच्या नावाचे साधारण तीन भाग असत. पहिलं त्याचं स्वतःचं नाव, दुसरं कुळाचं आणि तिसरं कुळाच्या शाखेचं. मार्कस टुलियस सिसेरो, गायस ज्युलियस सीझर ही नावं त्या धाटणीची. गंमत अशी, की पहिल्या नावांचा साठा अगदी तुटपुंजा होता. मार्कस, गायस, पब्लियस, लुसियस अशी वीसेक नावंच काय ती रोजच्या वापरात. त्यामुळे ती लिहिताना एखाद्‌दुसरं अक्षर खोदलं तरी भागत असे. मग माणूस ओळखायचा कसा? त्यासाठी तिसरं नाव. आणि हे तिसरं नाव पुष्कळदा टोपणनावातून आलेलं असे, म्हणजे कुणीतरी कधीतरी ठेवलेल्या नावांतून!

सिसेरो या शब्दाचं नातं लॅटिनमधल्या हरभऱ्याशी आहे. प्लुटार्क हा चरित्रकार सांगतो, की पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती म्हणून हे नाव पडलं. सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा मित्र म्हणाले, हे नाव बदल, लोक हसतील. तो म्हणाला, स्कॉरस आणि कॅट्युलस या घराण्यांपेक्षा मी हे नाव मोठं करून दाखवीन. त्या मोठ्या नावांचे अर्थ तरी काय होते? एकाचा सुजऱ्या घोट्यांचा आणि दुसऱ्याचा कुत्र्याचं पिल्लू! पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्यानं देवाला चांदीचं भांडं वाहिलं. त्यावर पहिली दोन नावं अक्षरांत कोरायला लावली आणि तिसऱ्याच्या जागी सरळ हरभऱ्याचा दाणा काढून घेतला. ठेवलेली नावं पचवावीत कशी, तर अशी.

बायकांच्या वाट्याला मात्र एवढंही येत नसे. मुलीला वडिलांच्या कुळाचं नाव स्त्रीलिंगी करून मिळे. सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच. घरात दोन मुली असल्या तर थोरली आणि धाकटी म्हणायचं, तिसरी झाली तर तिसरी. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. लग्नानंतर तिचं नाव बदलत नसे. ज्युलिया सासरीही ज्युलियाच राही.

गुलामाला तर मालक ठेवील ते नाव. आणि तो मुक्त झाला, नागरिक झाला, की मालकाचीच पहिली दोन नावं त्याला लागत. सिसेरोचा लेखनिक टिरो याला इसवी सनपूर्व ५३ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि तो मार्कस टुलियस टिरो झाला. बेडी गेली, पण कोणाची बेडी होती ते नावात राहिलं.

आता परक्यांकडे वळू. गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, लोकांविषयी सीझर स्वतःच नोंदवतो, की ते आपल्या भाषेत स्वतःला केल्ट म्हणवतात, आम्ही त्यांना गॉल म्हणतो. म्हणजे खरं नाव ठाऊक होतं, पण वापरायचं आपणच दिलेलं. एट्रुस्कन लोक स्वतःला 'रासेन्ना' म्हणत. रोमन त्यांना 'एट्रुस्की' किंवा 'टुस्की' म्हणत आणि त्यावरून टस्कनी हा प्रांत आजही ओळखला जातो. ग्रीकांची तऱ्हा आणखी मजेची. ते स्वतःला हेलेनीस म्हणवत. पश्चिमेला रोमनांनी त्यांना 'ग्रेकी' केलं. पूर्वेला आयोनिया या प्रदेशावरून ते 'यवन' झाले. कार्ल्याच्या लेण्यात खांब दान करणाऱ्यांच्या नावांमागे हा यवन शब्द कोरलेला आहे.

हाच शब्द पुढं मराठीत मुसलमानांना लागला. माझा आणि ग्रीसचा संबंध शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकापुरता, तरी जुन्या मराठी कागदांत मी यवनच.

गावांचीही तीच कथा. दक्षिण इटलीतल्या एका गावाचं नाव रोमनांच्या कानाला 'मालेव्हेंटम' असं ऐकू येई. लॅटिनमध्ये 'माले' म्हणजे वाईट. अपशकुन नको म्हणून इसवी सनपूर्व २६८ मध्ये तिथं वसाहत करताना त्यांनी 'माले'चं 'बेने', म्हणजे चांगलं, केलं. आजचं बेनेव्हेंटो ते हेच. कार्थेज या नावाचा मूळ अर्थ 'नवं शहर'. कार्थेजच्या लोकांनी स्पेनमध्ये आणखी एक नवं शहर वसवलं. रोमनांनी त्याला 'कार्थागो नोव्हा' म्हटलं, म्हणजे झालं नवं नवं शहर!

पण सगळी नामांतरं अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. इसवी सन १३२ ते १३५ या काळात यहुद्यांनी बंड केलं. त्याच सुमारास हेड्रियन बादशहानं जेरुसलेमला आपल्या 'एलियस' या कुळाचं नाव देऊन 'एलिया कॅपिटोलिना' केलं आणि बंड मोडल्यावर जुदेया प्रांताचं नाव 'सीरिया पॅलेस्टिना' झालं. जिंकलेल्याची जमीन नेणं ही एक शिक्षा, तिचं नाव नेणं ही दुसरी. आणि जिंकणारा ते नाव स्वतः मिरवतो. हॅनिबलला इसवी सनपूर्व २०२ मध्ये झामा इथं हरवणारा सिपिओ पुढे 'आफ्रिकॅनस' झाला.

या साऱ्याचा कळस इसवी सन २१२ मध्ये झाला. कॅराकॅला बादशहानं साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं. बादशहाचं अधिकृत नाव मार्कस ऑरेलियस अँटोनिनस. त्यामुळे इजिप्तपासून सीरियापर्यंत असंख्य लोक आपल्या नावाआधी 'ऑरेलियस' लावू लागले. आदल्याच वर्षाच्या अखेरीस याच बादशहानं आपल्या सख्ख्या भावाला, गेटाला, ठार करवलं होतं आणि त्याचं नाव जिथं जिथं होतं तिथून खरवडून काढण्याचा हुकूम दिला होता. रोममध्ये या दोघांच्या वडिलांची विजयकमान उभी आहे. तिच्यावर गेटाच्या नावाच्या जागी दुसरे शब्द बसवलेले आहेत, पण जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं आजही दिसतात. पुसलेलं नाव त्या भोकांतून वाचता येतं. आणि कॅराकॅला हे तरी काय? तो वापरी त्या एका परदेशी झग्याचं नाव. इतिहासानं त्याला नावं ठेवली ती कायमची.

रोमनांचं स्वतःचं नाव फार लांब गेलं. पूर्वेकडचं कॉन्स्टँटिनोपलचं साम्राज्य १४५३ मध्ये पडलं, तोवर तिथली माणसं ग्रीक बोलत आणि स्वतःला रोमनच म्हणवत. 'बायझंटाइन' हे नाव त्यांना सोळाव्या शतकातल्या विद्वानांनी, ते संपल्यावर दिलं. अरबांनी मात्र त्यांना त्यांच्याच नावानं, 'रूम' म्हणून ओळखलं. कुराणातल्या एका सूरहचं नावच 'अर-रूम' आहे. त्या भूमीत राहिला म्हणून कवी जलालुद्दीन 'रूमी' झाला, म्हणजे चक्क रोमन. सीझरचा 'कैसर' झाला. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' म्हणून जाहीर झाली आणि आमच्या घरांत तर कैसर नावाची माणसं आजही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो रोमन असा मोहल्ल्यात नांदतो आहे.

कविसंमेलनात माझी ओळख करून देताना पुष्कळदा म्हणतात, "हे मुस्लिम असूनही फार चांगलं मराठी लिहितात." बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, हे मला कळतं. म्हणून मी हसतो, नमस्कार करतो. पण ते 'असूनही' घरी येईपर्यंत चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहतं. माझ्या आईनं अंगाई मराठीत म्हटली, तिला कुठं ठाऊक होतं की त्यात काही 'असूनही' आहे?

सीझरलाही गॉल लोकांचं खरं नाव माहीत होतं. माहीत असणं अवघड नसतंच. त्या नावानं हाक मारणं तेवढं राहून जातं. समोरच्याला नाव देण्याआधी त्याचं नाव त्यालाच विचारावं, आणि तो सांगेल तेच म्हणावं. एवढं साधलं, तर एका अनुस्वाराचा घोटाळा तरी नक्की टळेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)