पवनेच्या पाण्याचा हिशेब

ताथवडे २००९ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि बघता बघता तिथे अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये दाटीने उभी राहिली. शाश्वत विकासाचे अर्थशास्त्र पदव्युत्तर पातळीवर शिकवायला याहून योग्य जागा मला सुचत नाही, कारण या विषयाचा अवघड धडा जवळच पवना नदीत वाहतो आहे. मावळातल्या धरणातून सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून शहराला दिले जाते. पंपाची वीज, शुद्धीकरण, नळजोड यांचा खर्च पाणीपट्टीत मांडता येतो. पण नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याने खालच्या गावांचे जे नुकसान होते, ते कोणाच्या नावे लिहायचे? धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायची ठरली, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बौरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. जलवाहिनी रखडली आणि पुढे नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी सुरू झाले. फायदा कोणाला, तोटा कोणाला आणि भरपाई कोणी द्यायची, हे आधीच मोजून मांडणे हेच या शास्त्राचे काम आहे.

हे काही परक्यांकडून आणलेले खूळ नव्हे. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८चा. त्यांचेच पुत्र माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११मध्ये पश्चिम घाटाचा अहवाल दिला.

एमबीएला यावर एखादा पेपर ठेवला की पुरे, असे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पन्नास वर्षांनी होणारे शंभर रुपयांचे नुकसान आठ टक्के वटावाच्या दराने आज जेमतेम दोन रुपयांचे ठरते, दोन टक्क्यांनी सदतीस रुपयांचे. नदी वाचवणे परवडते की नाही, हे त्या एका आकड्यावर फिरते. तो आकडा कोणी, कशाच्या आधारे निवडला, हे विचारण्याची तयारी एका पेपरात होत नाही. त्याला संख्याशास्त्र, कायदा आणि गावोगावची पाहणी लागते.

दुसरा आक्षेप नोकरीचा, आणि कर्ज काढून मुलांना शिकवणाऱ्या घरांसाठी तो रास्तच आहे. पण चाकणच्या कारखान्यातला पोलादी बोल्ट पाहा. तो युरोपात जायचा तर बनवताना किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब तिथला आयातदार मागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही माहिती देणे सुरू झाले आणि २०२६ पासून तिला पैशांची किंमत आली. आपल्याकडेही सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना पर्यावरणाचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आहे. हा हिशेब लिहिणारी आणि तपासणारी माणसे उद्योगांना लागणारच. ताथवड्याच्या महाविद्यालयांनी हा अभ्यासक्रम सुरू करावा आणि पहिल्या तुकडीचा पहिला प्रबंध रावेतच्या बंधाऱ्यावर लिहवून घ्यावा.