माहितीच्या अर्जाला पत्रकाराचे कार्ड लागत नाही

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ३ नुसार हा अधिकार सर्व नागरिकांना आहे. पत्रकारांसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे, आणि त्याच्याही आधी महाराष्ट्राचा स्वतःचा २००२ चा कायदा होता. तरीही नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत एक समजूत घट्ट बसलेली आहे. सरकारी कागद मागणारा ‘पेपरवाला’ असावा, त्याच्याकडे अधिस्वीकृतीचे कार्ड असावे. स्वतःचा ब्लॉग लिहिणाऱ्याला किंवा यूट्यूबवर गावाच्या बातम्या देणाऱ्याला उत्तर देण्याचे बंधन कार्यालयावर नाही, असे सर्रास सांगितले जाते. काही वेळा टेबलामागून सांगितले जाते, आणि वाईट म्हणजे लिहिणारेही ते खरे मानतात.

अधिस्वीकृतिपत्रिका माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देते. तिच्यामुळे पत्रकाराला एसटी प्रवासात सवलत आणि मंत्रालयातील वार्तांकनासाठी प्रवेश अशा सोयी मिळतात. माहिती अधिकाराच्या अर्जाशी तिचा काडीचाही संबंध नाही. मोठ्या दैनिकाच्या संपादकाने केलेला अर्ज आणि कंधार तालुक्यातल्या एखाद्या ब्लॉगरने केलेला अर्ज कायद्यापुढे सारख्याच तोलाचे आहेत. दोघांनाही तेच दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, तोच जोडपत्र ‘अ’ चा नमुना आणि तीच तीस दिवसांची मुदत. ‘तुम्ही कोणत्या पेपरचे?’ हा प्रश्न कायद्यात बसत नाही.

त्याच्याच जोडीला येणारा प्रश्न ‘माहिती कशाला हवी?’ हा. कलम ६(२) याबाबत निःसंदिग्ध आहे: अर्जदाराने कारण देण्याची गरज नाही, आणि संपर्कासाठी लागेल त्यापलीकडचा वैयक्तिक तपशील त्याच्याकडे मागता येत नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एका निकालात अर्जदाराने हेतू सांगावा असे म्हटले होते. पण हे कलम ध्यानात येताच थोड्याच दिवसांत न्यायालयाने तो भाग स्वतःहून काढून टाकला. जिथे उच्च न्यायालयाने आपले म्हणणे मागे घेतले, तिथे तालुक्याच्या कार्यालयाने तोच प्रश्न लावून धरावा याला काहीही आधार नाही.

एक खाचखळगा मात्र खरा आहे, आणि नवे लिहिणारे नेमके त्यातच अडकतात. अधिकार नागरिकाला आहे. संस्था, कंपनी किंवा चॅनल म्हणजे नागरिक नव्हे. लेटरहेडवर ‘अमुक न्यूज’ छापलेले, खाली गोल शिक्का, आणि अर्ज करणाऱ्या माणसाचे नावच नाही, असा अर्ज फेटाळला गेला तर तक्रारीला जागा उरत नाही. साधा कागद, स्वतःचे नाव आणि सही एवढे पुरते. घरचा पत्ता देण्याची भीती वाटत असेल तर तीही अनाठायी म्हणता येणार नाही. जमीन व्यवहारांची माहिती मागणारे तळेगाव दाभाड्याचे कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पोस्ट बॉक्स क्रमांकही संपर्कासाठी पुरेसा मानला आहे.

मिळालेले कागद छापता येत नाहीत, ब्लॉगवर टाकले तर गुन्हा होतो, हा दुसरा बागुलबुवा. माहिती घेतल्यावर ती प्रसिद्ध करण्यास कायद्यात कोठेही मनाई नाही. जबाबदारी येते ती लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांची: देयकाची प्रत दाखवणे वेगळे आणि त्यावरून कुणाला चोर म्हणणे वेगळे. दुसऱ्या कृत्यासाठी बदनामीचा कायदा सर्वांना सारखाच लागतो.

‘का’ विचारले की उत्तर मिळते, ही समजूतही चुकीचीच. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले की कारणमीमांसा म्हणजे माहिती नव्हे. ‘नळयोजना का रखडली?’ याऐवजी ‘कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि शेवटच्या देयकाची प्रत द्यावी’ असे लिहावे. अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांत असावा, असे महाराष्ट्राचे नियम सांगतात.

साखर कारखाना सहकारी आहे, म्हणून त्याचे काहीच मिळत नाही? थलप्पलम निकालात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही असे म्हटले खरे, पण निबंधकाकडे असलेली माहिती मागता येते हेही त्याच निकालात आहे. नांदेडच्या प्रादेशिक सहसंचालक (साखर) कार्यालयाच्या दप्तरात कारखान्यांचे जे कागद येतात, त्यांसाठी अर्ज तिथे करावा. सोयाबीनच्या पीकविम्याचेही तसेच: कंपनी खासगी असली तरी कृषी खात्याकडच्या नोंदी सरकारीच आहेत.

सगळी सरकारी कार्यालये एकाच नियमाने चालतात असे समजू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्याचे महापालिकेकडचे कागद राज्याच्या नियमांनी मिळतील, रेल्वेकडचे केंद्राच्या. केंद्राच्या कार्यालयात कोर्ट फी तिकीट चालत नाही, पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन शुल्क लागते. शिवाय लातूर स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात, तर नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा स्वतंत्र विभाग. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तरी तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. ‘हे आमच्याकडे नाही’ असे सांगून तो परत करता येत नाही.

‘वैयक्तिक माहिती’ हे कारण मात्र अलीकडे जड झाले आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) मधील मजकूर बदलला आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. जुन्या मजकुरातली सार्वजनिक हिताची कसोटी त्यातून गेली, हे माहितीच्या हक्काचे खरे नुकसान आहे. तरी कलम ८(२) कायम आहे: जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. निविदा, मोजमापे आणि देयके हे सार्वजनिक पैशाचे दप्तर. त्यांना वैयक्तिक म्हणणे निव्वळ पळवाट आहे.

बऱ्याच वेळा अर्जाचीही गरज नसते. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. जिल्हा परिषद आणि महापालिका यांत येतात. आधी फाइल पाहून मग नेमक्या पानांच्या प्रती मागितल्या तर पानामागे दोन रुपये मोजावे लागतात आणि ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणण्याला वाव राहत नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढे माहिती विनामूल्य द्यावी लागते. त्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिले अपील करायचे, वीस रुपयांच्या तिकिटासह. तिथेही निराशा झाली तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरे अपील. सबळ कारणाशिवाय माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो.