कॅथेड्रलमधील उपासना आणि अदीक्षित सेवकांची भूमिका

प्रस्तावना
अँग्लिकन परंपरेत कॅथेड्रल म्हणजे बिशपांचे आसन असलेले मुख्य उपासनामंदिर. तेथील उपासना केवळ बिशप व दीक्षित धर्मगुरूच चालवितात, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः धर्मदीक्षा न घेतलेल्या, म्हणजेच अदीक्षित सेवकांवाचून ती सुरळीत पार पडत नाही.

पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याला या परंपरेतील सर्वांत जवळचे कॅथेड्रल म्हणजे पुण्याच्या गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालय होय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकनांसह सहा चर्चसंस्थांच्या ऐक्यातून उत्तर भारतीय चर्च अस्तित्वात आले. हे देवालय आज त्याच चर्चच्या व्यवस्थेत आहे.

सेवकांची पदे
(१) चर्चवॉर्डन : मंडळीचा निवडलेला प्रतिनिधी. मालमत्ता, हिशेब व सुव्यवस्था यांची जबाबदारी त्याच्याकडे असते. उत्तर भारतीय चर्चमध्ये ही कामे प्रामुख्याने निर्वाचित पास्टोरेट समिती, तिचे सचिव व खजिनदार पाहतात.
(२) व्हर्जर : हाती दंड घेऊन मिरवणुकीच्या अग्रभागी चालणारा व वेदीची पूर्वतयारी करणारा सेवक. पूर्वी गर्दीतून वाट काढण्यासाठी हा दंड वापरला जाई.
(३) साइड्समन : उपासकांचे स्वागत करून त्यांना आसने दाखविणारा व अर्पण गोळा करणारा.
(४) वाचक : इंग्लंडमध्ये १८६६ मध्ये पुनरुज्जीवित झालेले पद. वाचक शास्त्रपाठ वाचतो, प्रार्थना चालवितो व परवानगी असल्यास प्रवचनही करतो.

अधिकाराची मर्यादा
प्रभुभोजनातील भाकर व द्राक्षारस यांचे पवित्रीकरण आणि पापक्षमेची घोषणा ही कार्ये दीक्षित धर्मगुरूंचीच होत. तथापि या मर्यादेमुळे अदीक्षित पदांना गौणत्व येत नाही. धर्मगुरूंची बदली होते. मंडळीची घडी मात्र या सेवकांच्या हाती टिकून राहते.

औद्योगिक पट्ट्यातील प्रश्न
ख्रिस्ती उपासनेचा मुख्य दिवस रविवार. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी मात्र गुरुवारी असते. शिवाय काम पाळ्यांमध्ये चालते. ज्या कामगाराने शास्त्रपाठ वाचावयाचा, तोच त्या वेळी यंत्रासमोर उभा असू शकतो. एखादे पद एकाच व्यक्तीकडे दीर्घकाळ राहिल्यास तिच्या अनुपस्थितीत सेवा खंडित होते, तर कामगार वर्ग जबाबदारीपासून कायमचा दूर राहतो. यास्तव पाळ्यांचे वेळापत्रक पाहून सेवकांची यादी आखणे, प्रत्येक पदासाठी एकाहून अधिक व्यक्तींना तयार करणे आणि त्यांत स्त्रियांना व तरुणांना स्थान देणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष
अदीक्षित सेवक हा धर्मगुरूंचा पर्याय नव्हे. उपासना संपूर्ण मंडळीची आहे, याची तो साक्ष होय. कारखान्यातील पाळी सांभाळणाऱ्यालाही वेदीजवळील सेवेची पाळी मिळाली, तरच ही साक्ष या पट्ट्यात अर्थपूर्ण ठरेल.