जाहिरातीची उलटतपासणी

कायद्याच्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवर दिवसभर संधी येऊन पडत असतात: मूट कोर्ट, इंटर्नशिप, निबंधस्पर्धा, सायबर कायद्याची पदविका. छत्रपती संभाजीनगरात या जाहिरातींना वाचकही भरपूर. १९८१पासून इथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, २०१७पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालय. अशा संधी एकत्र करून देणाऱ्या व्यासपीठाची परीक्षा कोणती जाहिरात परत पाठवली, यात होते.

पहिला प्रश्न सनदेचा. १९६१च्या अधिवक्ता कायद्याने आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनी वकिलीचा रस्ता आखून दिला आहे. मान्यताप्राप्त संस्थेतली तीन किंवा पाच वर्षांची नियमित पदवीच सनदेसाठी चालते. ‘घरबसल्या एलएलबी करा, वकील व्हा’ ही जाहिरात इथेच बाद. पदविका चालेल, पण तिच्यावर सनद मिळत नाही, हे तिच्याच मजकुरात लिहिलेले हवे. कॉलेजची मान्यताही मुदतीची असते. जुने पत्र दाखवून भागत नाही.

दुसरा प्रश्न इंटर्नशिपचा, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच. नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे काम करावे लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. खालच्या कोर्टात आणि अपिलात उभे राहणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी शिकलेच पाहिजे. या शहरात दोन्ही दारे जवळ आहेत: अदालत रोडवर जिल्हा न्यायालय, जालना रोडवर खंडपीठ. विद्यार्थ्याने डायरी ठेवायची, मार्गदर्शकाने आणि प्राध्यापकाने ती तपासायची. म्हणून छाननी करणाऱ्याने विचारावे: डायरीवर सही कोण करणार? फी घेऊन आठवड्यात प्रमाणपत्र देणाऱ्याकडे याचे उत्तर बहुधा नसते.

शोधनिबंधांच्या बाबतीत आयएसएसएन क्रमांकाचा मोठा रुबाब केला जातो. तो नियतकालिकाची ओळख सांगतो, दर्जा नव्हे. यूजीसीने दर्जेदार नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादीही २०२५मध्ये बंद केली. आता संपादक कोण, निबंध तपासतो कोण आणि पैसे कशाचे, हे ज्याचे त्यानेच पाहायचे.

कागद पाहणाऱ्या चाळणीला एक खोड असते: मोठ्या नावाला ती सहज वाट देते. पैठण किंवा वैजापूरच्या कोर्टात तीस वर्षे दिवाणी दावे चालवणारे वकीलसाहेब जाहिरात कशाला काढतील? त्यांच्याकडे मुलगा जातो तो कुणाच्या तरी ओळखीने, आणि पहिल्याच महिन्यात वादपत्र कसे लिहितात ते शिकतो. ज्याला ओळख नाही, त्याच्यापर्यंत अशी कार्यालये पोहोचवणे हेही छाननी करणाऱ्याचेच काम. लेटरहेड नसले तरी चालेल. नाव, पत्ता आणि जबाबदार माणूस हवा.

शेवटचा प्रश्न व्यासपीठाने स्वतःलाच विचारायचा. जाहिरातीचे पैसे घेणारा आणि ती तपासणारा एकच असेल, शिवाय त्याचेच अभ्यासक्रमही विक्रीला असतील, तर त्याच्या निवाड्यावर भरवसा का ठेवावा? स्वतःच्या प्रकरणात कुणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व विद्यार्थी प्रशासकीय कायद्यात शिकतातच. तेव्हा पैसे घेऊन लावलेल्या मजकुरावर तसे ठळक छापावे, आणि तक्रार आलेली जाहिरात का काढून टाकली, तेही जाहीर करावे. जे व्यासपीठ एवढे करणार नाही, त्याचीही उलटतपासणी विद्यार्थ्यानेच घ्यावी.